भिंत आधीची, कागद नंतरचा

चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपन्यात दिवाळीआधीचे दिवस भिंतींचे असतात. सोयाबीन निघालेलं असतं, कापसाची पहिली वेचणी लागलेली असते, हातात थोडा पैसा खेळतो आणि घरातल्या बायांची नजर भिंतींवर जाते. पूर्वी या दिवसांत चुना आणि गेरू खपायचा. अलीकडे त्याच्या जोडीला प्लास्टिकच्या कागदाच्या गुंडाळ्या आल्या आहेत. मागे चिकट, पुढे लाल विटांचं नाहीतर संगमरवराचं चित्र. बाजारात मिळतात, मोबाईलवरून मागवता येतात. एका दुपारीत खोलीचं रूप पालटतं. काढायचं म्हटलं की मात्र भिंत कशाची आहे इथपासून शिकावं लागतं, आणि मला त्या शिकण्याबद्दलच लिहायचं आहे.

आमच्या भागात हा कागद हौसेने लावतात तसा गरजेनेही लावतात. इथली माती काळी, कापसाची. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते, आणि वरच्या भिंतींना तिच्याबरोबर हलावं लागतं. जुन्या घरांच्या पायात ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतलं पाणी भिंतीच्या पोटातून वर चढतं, येताना क्षार घेऊन येतं, आणि पाणी उडून गेलं की ते क्षार पृष्ठभागावर पांढऱ्या पिठासारखे फुटतात. रंग फुगतो, पोपडे पडतात. पाहुणे यायचे असतात, लग्न ठरलेलं असतं. तेव्हा खालच्या तीन-चार फुटांवर विटांच्या चित्राची पट्टी चिकटवली की भिंत नीटनेटकी दिसते. आत पाणी चढतच राहतं. आता त्याला बाहेर पडायला जागाही उरत नाही.

आमचं घर तीन खेपांत बांधलं गेलं. पुढची खोली सासऱ्यांच्या वडिलांच्या वेळची, मातीची. मधली विटांची, आतून चुना दिलेली. मागची आमच्या काळातली, सिमेंटचा गिलावा आणि वर पुट्टी. कोरपन्याच्या आसपास हे स्वाभाविकच आहे. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही इथे चुनखडकावर सिमेंटचे मोठे कारखाने उभे राहिले तसं गावागावांत सिमेंट सहज मिळू लागलं, आणि मातीच्या खोलीला मागून पक्की खोली जोडत घरं लांबत गेली. त्यामुळे एकाच घरात तीन प्रकारच्या भिंती, आणि तिन्हींवर वेगवेगळ्या वेळी काही ना काही चिकटवलेलं. पुढच्या खोलीत भिंतीतल्या आलमारीत वर्तमानपत्रं, मधल्या खोलीत विटांच्या चित्राचा जाड कागद, मागच्या खोलीत मुलीचे स्टिकर. हे सगळं काढायचं ठरलं तेव्हा रंगारी भाऊंना बोलावलं. त्यांनी मधल्या खोलीच्या कागदावर तळहात ठेवला, जरा वेळ तसाच ठेवला, आणि म्हणाले, "मॅडम, कागद काढून देतो, पण भिंत वल्ली हाये. आधी पाणी कुठून येऊन राह्यलं ते पाहा."

कागद काढणं ही ओल शोधण्याची पहिली पायरी असते हे मला त्यांच्या तळहाताने शिकवलं.

दुसरी गोष्ट शिकले ती भिंतीला विचारायची. बोट फिरवलं आणि पांढरं लागलं तर वर चुना आहे. ओलं फडकं फिरवून रंग फडक्यावर आला तर तो पाण्याला टिकणारा नाही. पाणी मण्यांसारखं घरंगळलं तर ऑईलपेंट किंवा धुता येणारा रंग. नाण्याने हलकेच टकटक केली की भरीव आणि पोकळ जागांचा आवाज वेगळा येतो. पोकळ आवाज येईल तिथे गिलाव्याने भिंत आधीच सोडलेली असते आणि तिथला कागद ओढला तर गिलाव्यासकट हातात येणार. ही तपासणी कपाटामागच्या कोपऱ्यात करावी, आणि कागद काढण्याची प्रत्येक युक्तीही आधी तिथेच करून पाहावी.

हे एवढ्यासाठी की भिंतीवर एकावर एक थर असतात आणि ओढ बसली की जो जोड सगळ्यांत कमकुवत असेल तो सुटतो. विटेवर गिलावा, गिलाव्यावर पुट्टी, पुट्टीवर रंग, रंगावर डिंक, डिंकावर प्लास्टिक. नव्या, चांगल्या रंगाच्या भिंतीवर डिंकाचा जोड कमकुवत असतो, म्हणून स्टिकर स्वच्छ निघतो. पुट्टी घाईत लावलेली असेल, खाली धूळ असेल, ओल असेल, तर पुट्टीचा जोड डिंकापेक्षा कमकुवत आणि कागदाबरोबर पोळीएवढे पापुद्रे उतरतात. सगळं कौशल्य एवढ्यातच आहे: काही काळापुरता डिंकाचा जोड सगळ्यांत कमकुवत करायचा. त्यासाठी चार गोष्टी हाताशी असतात. पाणी, उष्णता, वेळ आणि ओढण्याची दिशा.

कोणत्या डिंकाला काय लागू पडतं ते डिंकावर ठरतं. गव्हाच्या पिठाची किंवा मैद्याची खळ असेल तर कोमट पाणी पुरतं. पाणी मारायचं, थांबायचं, पुन्हा मारायचं. स्टार्च पाणी पिऊन फुगतं आणि आपली पकड सोडतं. कागदावर प्लास्टिकचा पातळ थर असेल तर पाणी आत शिरत नाही. मग आधी वरचा थर कोरडाच सोलून घ्यायचा आणि खाली उरलेला कागद भिजवायचा. पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब टाकले की ते लवकर मुरतं. बटणांचे बोर्ड जवळ असतील तर घराचा मेन बंद करून मगच ओलं काम करावं. आणखी एक गोष्ट आमच्यासारख्या कापसाच्या गावात सांगितलीच पाहिजे. घरात फवारणीचा पंप असतो, आणि भिंत भिजवायला तो सोयीचा वाटतो. तो घराच्या आत आणू नये. कितीही धुतला तरी त्याच्या नळीत आणि टाकीत औषधाचा अंश राहतो. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते औषध बंद खोलीत, मुलांच्या झोपायच्या जागेजवळ धुक्यासारखं उडवायचं कारण नाही. इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची साधी बाटली पुरते.

मागे चिकट असलेल्या प्लास्टिकच्या कागदाला पाण्याचा काही उपयोग नाही. त्याला उष्णता लागते. शहरात केस वाळवायचं यंत्र वापरतात. आमच्याकडे मे महिना आहे. चंद्रपूर जिल्ह्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा पश्चिमेची भिंत संध्याकाळपर्यंत आतून हाताला चटका लागेल इतकी तापते, आणि तिच्यावरचा डिंक मऊ होऊन बसलेला असतो. मधल्या खोलीतली पश्चिमेची बाजू आम्ही मे महिन्याच्या संध्याकाळी काढली. उत्तरेकडची त्याच हातांनी, त्याच पद्धतीने काढताना किती अडली! उन्हाळ्याचा त्रास सगळेच सांगतात. त्याच्याकडून एवढं काम करून घेता येतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

ओढण्याची दिशा हा भाग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण त्याला पैसा लागत नाही. कागदाचा कोपरा सुटला की हात आपोआप तो आपल्या अंगाकडे ओढतो. तशी ओढ भिंतीच्या थरांना थेट बाहेर खेचते. त्याऐवजी सुटलेली कड उलटी दुमडून, भिंतीला जवळजवळ घासत, मागच्या मागे न्यायची. मग सगळा जोर डिंकाच्या एका बारीक रेघेवर येतो आणि रंग जागेवर राहतो. आणि सावकाश ओढायचं. हा डिंक धड घन नसतो, धड पातळ नसतो. झटका दिला की तो घट्ट होऊन रंगाला धरून ठेवतो. हळू ओढलं की ताणला जातो, त्याचे बारीक तंतू दिसतात आणि ते एकेक करून सुटतात. ते तंतू दिसत असले की वेग बरोबर आहे. दिसेनासे झाले की थांबायचं, पुन्हा ऊब द्यायची. या कामाला बसायला पाट घ्यावा, उभ्याने करू नये. उभ्याने केलं की माणूस घाई करतो.

फोमचा जाड, विटांचे उंचवटे असलेला कागद मात्र असा निघत नाही. त्याचा वरचा पापुद्रा हातात येतो आणि स्पंज भिंतीवर राहतो. त्यासाठी तंगूस, मासे धरायच्या गळाची बारीक नायलॉनची दोरी, उत्तम. दोन टोकं दोन हातांना गुंडाळायची, फोमच्या मागे घालायची आणि करवतीसारखी पुढे-मागे करत खाली आणायची. भिंतीला पत्ती लावायची वेळच येत नाही. पत्ती लागलीच तर लोखंडी नको. मुदत संपलेलं एटीएमचं प्लास्टिकचं कार्ड चालतं, आणि त्याचे कोपरे गोल असल्यामुळे भिंतीत रुतत नाही.

कागद गेला तरी डिंकाचे डाग राहतात. हाताला चिकटतात आणि दोन दिवसांत काळे होतात, कारण आमच्या हवेत धूळ मुबलक आहे. खाणींची, सिमेंटची, कोळशाच्या ट्रकांची. धुता येणाऱ्या रंगावर खोबरेल तेलाचा हात फिरवून थोडा वेळ ठेवलं की डिंक मऊ होतो, मग साबणाच्या पाण्याने तेल पुसून घ्यायचं. तेल राहिलं तर पुढचा रंग धरत नाही. निलगिरीचं तेलही चालतं. थिनर वापरू नये, तो डिंकाबरोबर रंगही विरघळवतो. आणि चुन्याच्या भिंतीला तेल कधीही दाखवू नये, ते आत शिरतं आणि डाग वर्षानुवर्षं वर येत राहतो. चुन्यावर डिंक राहिला तर तो चुना तेवढ्यापुरता खरवडून पुन्हा हात द्यावा. चुना स्वस्त आहे, तोच सोपा मार्ग.

कोळशाच्या धुळीवरून आठवलं. अमेरिकेत घरं कोळशाच्या शेगडीवर तापवत तेव्हा भिंतीवरच्या कागदावर काजळी बसायची, आणि तो कागद पाण्याने धुता यायचा नाही. सिनसिनाटीची कुटॉल नावाची कंपनी १९३० च्या दशकात पीठ, पाणी आणि मीठ यांचा एक मऊ गोळा विकायची; तो भिंतीवर फिरवला की काजळी उचलायचा. पुढे घरं गॅसवर तापू लागली, धुता येणारे कागद आले आणि गोळ्याचा खप बसला. मग १९५६ च्या सुमारास तोच गोळा मुलांना खेळायला दिला गेला, आणि प्ले-डो नावाने जगभर गेला. आमच्या चुन्याच्या भिंतीवर मी घट्ट कणकेचा गोळा लोळवून पाहिला. कोरडी काजळी खरंच उचलतो. घासायचा मात्र नाही, नुसता लोळवायचा.

पुढची मातीची खोली सगळ्यांत नाजूक, आणि तिथेच सगळ्यांत कमी करावं लागलं. आलमारीत आतून वर्तमानपत्रांचे थर होते, खळीने चिकटवलेले. त्यांत मराठीबरोबर तेलुगू पानंही होती. आमचा भाग आदिलाबादला लागून, बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी सगळं कानावर पडतं, तसंच भिंतीवरही होतं. कागदामागे उधईने मातीच्या नळ्या केल्या होत्या. स्टार्च आणि कागद हे तिचं अन्न. खळीत मोरचूद घातलं असतं तर ती कदाचित दूर राहिली असती. जुने पुस्तक बांधणारे तसं घालत. मातीच्या भिंतीवरून कागद ओढायचा नाही आणि तिला चिंबही करायचं नाही. ओलसर फडकं कागदावर दाबून ठेवायचं, कागद वाकू लागला की उचलायचा, आणि त्याच्याबरोबर मातीचा जो पातळ पदर येईल तो येऊ द्यायचा. सासूबाईंनी मातीत कुटार आणि शेण कालवून तो पदर दुसऱ्या दिवशी पुन्हा चढवला, वरून पांढऱ्या मातीचा पोतारा दिला. झालेली इजा दिसतही नाही. दरवर्षी नवा हात घ्यायचा हे त्या भिंतीला बांधतानाच ठरलेलं असतं.

याच खोलीत काम करताना मला अजिंठ्याची आठवण आली, आणि ती वरवरची नव्हती. अजिंठ्याची चित्रं दगडावर थेट नाहीत. दगडावर मातीचा गिलावा आहे. त्यात वाळू, दगडाची भुकटी, तूस, गवत, झाडांचे तंतू. वर चुन्याचा पातळ हात, आणि त्यावर रंग. म्हणजे आमच्या पुढच्या खोलीच्या भिंतीत जे आहे त्याचीच जास्त काळजीपूर्वक केलेली बांधणी. अशा भिंतीवरून काही ओढून काढलं तर काय होतं हे एकोणिसाव्या शतकातच दिसलं. मुंबईच्या डॉ. जेम्स बर्ड यांनी तिथल्या काही आकृती भिंतीवरून उचकटून काढल्या आणि त्यांचा भुगा झाला, असं त्या काळच्या लिखाणात आहे.

पण अजिंठ्याचं मोठं दुखणं लावण्यातून आलं. १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांसह तिथे नकला करत होते. रंग उजळ दिसावेत म्हणून चित्रांवर व्हार्निश फिरवलं गेलं. पुढे निजामाच्या संस्थानात पुरातत्त्व विभाग स्थापन झाला, गुलाम याझदानी त्याचे प्रमुख झाले, आणि १९२० ते १९२२ च्या दरम्यान इटलीहून लोरेंझो चेक्कोनी आणि ओर्सिनी हे तज्ज्ञ बोलावले गेले. त्यांनी पुष्कळ चांगलं केलं. सुटू लागलेले गिलाव्याचे तुकडे जागेवर पक्के केले, नाहीतर ते गळून गेले असते. पण चित्रं टिकावीत म्हणून त्यांवर लाखेचा हात दिला. लाख म्हणजे पळस, कुसुम, बोर या झाडांवरच्या किड्याची. गडचिरोलीच्या जंगलातही ती होते. नवी असताना ती पारदर्शक असते आणि अल्कोहोलमध्ये सहज विरघळते. वर्षं जातात तशी ती पिवळी पडते, मग तपकिरी होते, आणि विरघळेनाशी होते. तिच्यावर धूळ आणि काजळी बसते. निळे हिरवे दिसू लागतात, पांढरे पिवळे. स्वातंत्र्यानंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनज्ञांना ती लाख इंचाइंचाने काढत बसावं लागलं. दोन-तीन वर्षांत लावलेला थर काढायला कित्येक दशकं गेली आहेत.

ही गोष्ट मला जवळची वाटते याचं आणखी एक कारण आहे. अजिंठा निजामाच्या राज्यात होता आणि कोरपनाही. राजुऱ्याचा हा सगळा पट्टा निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात मोडायचा. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात आलं, १९५६ साली राजुरा नांदेडला जोडला गेला आणि १९५९ साली चांदा, म्हणजे आताच्या चंद्रपूर, जिल्ह्यात आला. ज्या सरकारने त्या भिंतींवर लाख लावायला परदेशातून माणसं आणली त्याच सरकारच्या हद्दीत आमची मातीची भिंत उभी राहिली, आणि तिच्यावर लाख लावायला कुणी आलं नाही. तिच्यावर दरवर्षी पोतारा फिरत राहिला. पाण्याने निघणारा, पाण्यानेच चढणारा.

चेक्कोनींना दोष द्यावा असं मला वाटत नाही. त्या काळी चित्रं जपण्याची तीच मान्य रीत होती. पण त्यांच्या अनुभवातून आणि तशाच इतर अनुभवांतून जुन्या वस्तू जपणाऱ्यांनी जगभर एक नियम मान्य केला: आपण जे लावू ते पुढच्या माणसाला मूळ वस्तू न दुखवता काढता आलं पाहिजे. जपानमध्ये हे फार आधीपासून माहीत होतं. तिथे गुंडाळी-चित्रांच्या मागे कागद चिकटवायला गव्हाच्या स्टार्चची जुनी खळ वापरतात, तिला फुरुनोरी म्हणतात. ती मडक्यात भरून थंड जागी दहा-दहा वर्षं ठेवतात. इतकी वर्षं ठेवायची ती कमजोर होण्यासाठी. चित्र गुंडाळताना-उलगडताना ताठ होऊ नये, आणि शंभर वर्षांनी मागचा कागद बदलायची वेळ आली की थोड्या पाण्याने तो सुटावा. आज खळ मडक्यात भरणाऱ्याला ते सुटणं पाहायला मिळणार नाही हे ठाऊक असतं. ही गोष्ट वाचल्यापासून मी कोणत्याही डिंकाच्या डबीवर 'कायमचा' असं लिहिलेलं पाहिलं की ती परत ठेवते.

प्लास्टिकच्या कागदाचा डिंकही लाखेसारखाच वागतो. लावल्यावर पहिल्या वर्षात काढला तर सहज निघतो. दहा वर्षांनी त्याच्यातली लवचीकता गेलेली असते, प्लास्टिक ठिसूळ होऊन नखाएवढ्या तुकड्यांत तुटतं आणि डिंक भिंतीशी एकजीव होतो. म्हणून दुकानात 'काढता येतो' म्हणतात ते खरं असलं तरी किती वर्षांपर्यंत, हे विचारायला हवं. मी ओळखीच्या सगळ्यांना सांगते की असा कागद लावलाच तर दोन-तीन वर्षांत काढून टाका, आवडत असला तरी.

मागच्या खोलीतले स्टिकर मुलीने शाळेत असताना लावले होते. फुलपाखरं, उंची मोजायचा जिराफ, छतावर रात्री चमकणारे रेडियमचे तारे. ती आता नागपूरला शिकते. फुलपाखरं निघाली, तरी त्यांच्या जागी फुलपाखरांचेच फिके आकार राहिले. ते पुसून जाणार नाहीत, कारण ते डाग नाहीतच. स्टिकरखालच्या रंगाला इतकी वर्षं ऊन आणि धूळ लागली नाही, म्हणून तो मूळच्या रंगाचा राहिला; बदलली ती बाकीची भिंत. तिथे घासत बसणं म्हणजे चांगला रंग घालवणं. सबंध भिंतीला नवा हात द्यायचा एवढाच उपाय. जिल्हा परिषदेच्या शाळांत हल्ली बोलक्या भिंती रंगवण्याऐवजी कुठे कुठे स्टिकर लावतात, आणि वर्षा-दोन वर्षांत मुलं त्यांचे कोपरे सोलतात. तिथे रंगवलेली मुळाक्षरंच बरी, असं माझं मत आहे. जुनी झाली की त्यावरच नवी रंगवता येतात.

छतावरचे तारे काढू नकोस, असं मुलीने फोनवर सांगितलं. ते राहिले. तिथे ओल नाही, त्यांच्यामुळे भिंतीचं काही बिघडत नाही, आणि ते आता चमकतातही अगदी मंद. जिराफाच्या पट्टीवर तिच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा होत्या. पट्टी काढण्याआधी त्या खुणा दाराच्या चौकटीच्या आतल्या बाजूला उतरवून घेतल्या, तारखांसकट.

जुन्या घरांत ऑईलपेंटचे अनेक थर असतील तर ते कोरडे घासू नयेत, हेही इथेच सांगते. जुन्या रंगांत शिसं असायचं. घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग अशी नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांबद्दल खात्री देता येत नाही. पॉलिश पेपर पाण्यात बुडवूनच फिरवावा, खाली प्लास्टिक अंथरावं, आणि लहान मुलं व गरोदर बाई त्या खोलीत नसावी.

मधल्या खोलीचा कागद निघाला तेव्हा मागे काळी बुरशी होती आणि जमिनीपासून मांडीपर्यंत ओलीची रेघ. पाणी कुठून येत होतं ते मग कळलं. बाहेरून न्हाणीचं सांडपाणी भिंतीच्या पायाशी मुरत होतं, आणि अंगणाला सिमेंटचा कोबा केल्यापासून पावसाचं पाणी उताराने तिकडेच येत होतं. नाली वळवली, भिंतीलगतची हातभर कोब्याची पट्टी फोडून तिथे गिट्टी भरली. वाळायला भिंतीला उरलेला उन्हाळा दिला. या काळात क्षार जोरात फुटतात आणि माणूस घाबरतो. ते धुवायचे नाहीत, धुतले की विरघळून पुन्हा आत जातात. कोरड्या कुंचीने झाडायचे आणि गोळा करून बाहेर टाकायचे. रंगारी भाऊंनी पुट्टी लावू दिली नाही, सिमेंटचा गिलावाही नाही. "चुनाच द्या मॅडम, भिंतीले श्वास पायजे." मऊ वीट आणि मातीच्या जुडाईवर कडक सिमेंट बसवलं की ओल त्याच्या मागे अडकते आणि विटा आतून भुसभुशीत होतात, हे त्यांनी इतक्या घरांत पाहिलं आहे की त्यांना पुस्तकातलं कारण लागत नाही.

आता त्या भिंतीवर चुन्याचे तीन हात आहेत. चित्रं लावायची तर वर एक लाकडी पट्टी ठोकली आहे, तिला सुतळीने टांगतो, म्हणजे चित्रामागे बोटभर हवा राहते. पहिल्या पावसानंतर खालच्या बाजूला वीतभर ओल पुन्हा दिसली, आधीपेक्षा बरीच कमी. तेवढ्या पट्ट्यात यंदा दिवाळीआधी चुना खरवडून पुन्हा हात द्यायचा आहे. शेजाऱ्यांनाही त्यांच्या घरातला विटांच्या चित्राचा कागद काढायचा आहे. त्यांनी तंगूस मागून नेली आहे, पण त्यांची भिंत उत्तरेची. मी त्यांना मे महिन्यापर्यंत थांबायला सांगितलं आहे.